चहावाल्याच्या घरची कडू पत्ती

सुदामभाऊंना एका जागी बसलेलं मी क्वचितच पाहिलंय. आमच्या वैशाखऱ्याला माळशेजच्या रस्त्यावर त्यांची चहाची टपरी, आणि तिला चिकटून माझं शिवणाचं दुकान. मधे एकच पत्रा. तिकडे दूध उतू गेलं की वास इकडे, आणि इकडे माझं मशीन थांबलं की तिकडून हाक, "काय माधुरीताई, दोरा तुटला का?" तुटलेला असो नसो, पत्र्याला वळसा घालून चहाचा कप माझ्या मशीनवर आलेलाच असतो. मी मागवलेला नसतो. पहिल्या वर्षी मी "नको" म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं.

त्यांची रीतच तशी. माणूस समोर दिसला की हात किटलीकडे जातो. ओतूरकडून भाजी घेऊन घाट उतरलेला ट्रकवाला असो, टोकावड्याचा पोस्टमन असो, नाहीतर रस्ता चुकलेला कुणी असो, आधी कप हातात आणि मग "कुठून आलात?" कुणाला ताप आला, चहा. कुणाच्या घरी माणूस गेलं, मोठं पातेलं घेऊन हे हजर. डोकं दुखतंय म्हणाल तर गोळीसुद्धा चहाबरोबरच. आमच्याकडे ती जुनीच सवय आहे. नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली की मळमळतं, असं माझी आईही म्हणायची. सकाळची भाकर तर कोऱ्या चहात बुडवून खाणारी आम्ही माणसं.

लग्न झाल्या झाल्या ते मुरबाडच्या एका कारखान्यात लागले होते. तिथे एका मशीनपुढे दिवसभर उभं राहायचं. वर्षभरात पळून आले. "पायाला मुंग्या येतात," एवढंच कारण. मग ही टपरी टाकली. इथे त्यांना हवं तेवढं हलायला मिळतं. स्टोव्हकडून बाकाकडे, बाकाकडून रस्त्यावर, आणि काहीच नसेल तर पुसलेला ओटा परत पुसायचा. त्यांच्या बायको, प्रेमावहिनी, म्हणतात, हा माणूस झोपेतपण कपबशा विसळतो.

भूमिका त्यांची एकुलती एक मुलगी. मुरबाडच्या कॉलेजात शिकते आणि पोलीस भरतीची तयारी करते. हे खूळ बापाचं नाही, तिचं स्वतःचं. शाळेच्या मैदानावर रोज पहाटे आठशे मीटरची तयारी चालते, आणि भाऊ मोबाइलवर टाइम लावून उभे. उभे कसले, तिच्या बरोबरीनं कडेकडेनं पळत. सगळ्या ट्रकवाल्यांना सांगून झालं होतं की पुढच्या वेळी याल तेव्हा पोरगी वर्दीत असेल. मला तर मापं घेऊन ठेवायला सांगितलं होतं. वर्दी सरकार देतं, ती मी शिवत नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल.

पण दिवाळीनंतर पोरीची शेवटची फेरी अडकायला लागली. डोळ्यापुढे अंधारी यायची, छाती धडधडायची. तपासलं तर रक्त कमी. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. भाऊंनी ते काम लगेच स्वतःकडे घेतलं. पोरगी पळून आली की एका हातात गोळी, दुसऱ्या हातात चहा, आणि पुढे नाचणीची भाकर. "खाऊन घे, पिऊन घे, उद्या अजून फास्ट." महिना गेला. उद्या काही फास्ट होईना. परत तपासलं तर रक्त होतं तिथंच होतं.

भाऊंची तगमग सुरू झाली. ओटा आता इतक्या वेळा पुसला जायचा की मला इकडे बसून राग यायचा. राग मला तसाही लवकर येतो, गावाला माहीत आहे. "भाऊ, पत्रा फाटेल," मी ओरडायचे. भरतीचं ग्राऊंड, म्हणजे पळायची परीक्षा, माघाच्या आसपास लागणार अशी बातमी होती आणि पोरीच्या पायात जोर नव्हता. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

अशात तो पाहुणा आला. नदीपलीकडच्या प्लॉटिंगमध्ये ज्यांनी बंगला बांधलाय ते शेखर. मुंबईचे, पण आता बराच वेळ इथूनच कॉम्प्युटरवर काम करतात. पूर्वी कंपनीनं त्यांना अर्जेंटिनाला पाठवलं होतं, तिथे काही वर्षं काढलेली. एक दिवस ते टपरीवर आले, हातात पोकळ भोपळ्याचं छोटं भांडं, त्यात खोचलेली लोखंडी नळी. भाऊंचा हात किटलीकडे गेलाच होता. तर हे म्हणाले, "चहा नको, फक्त गरम पाणी मिळेल का?"

चहाच्या टपरीवर येऊन गरम पाणी मागायचं. भाऊंचं तोंड मी पाहिलं. लग्नात जेवणाच्या पंगतीत बसून कुणी घरचा डबा काढावा, तसं झालं त्यांना. पण पाणी दिलं. मग राहवेना. "आत हाय काय?"

शेखर माणूस वाईट नाही, फक्त सांगायला लागला की थांबत नाही. ते म्हणाले, ही येर्बा माते. तिकडच्या एका झाडाची पानं, वाळवून चुरा केलेली. तिकडे लहानथोर सगळे पितात, फुटबॉलवाले तर मॅचला जातानाही बरोबर नेतात. चहासारखीच तरतरी येते, पण चहापेक्षा जास्त वेळ टिकते. शरीराला चांगले असे काय काय घटक असतात. चहात नाही तेवढं यात आहे. नाव ऐकून बाकावरच्या दोन ट्रकवाल्यांनी हात जोडले आणि हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी त्यातला एकच शब्द धरून ठेवला होता. फुटबॉलवाले.

"पळायला बरं का मग?"

"पळायला? उत्तम," शेखर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा पुडा आणि तसाच एक भोपळा नळीसकट आणून दिला.

त्यानंतरचे पंधरावीस दिवस मी विसरणार नाही. भाऊंनी पहिल्यांदा ती पत्ती आलं, साखर, दूध घालून खळाखळा उकळली. इतकी कडू झाली की प्रेमावहिनींनी ती तुळशीत ओतायलाही नकार दिला. मग शेखरनं शिकवलं, उकळायचं नाही, दूध घालायचं नाही, पाणी वरून ओतायचं. भाऊ मोबाइल घेऊन बसले, म्हणजे उभे राहिले. एक माणूस सांगत होता, चहाच बरा, हृदयाला चांगला, हजारो वर्षांचा. दुसरा सांगत होता, माते बरी, वजन उतरतं, थकवा जातो. तिसऱ्याच्या मते दोन्ही सोडून त्याची पावडर घ्यावी. प्रत्येक व्हिडिओनंतर भाऊ पत्र्यावर टकटक करायचे. "ताई, हा बोलतो का मातेत चहापेक्षा जास्त ताकद. तो बोलतो का दोन्ही सारखं. खरं कोण बोलतो?"

"मला कपडे शिवता येतात, भाऊ."

"तसं नाय, तुम्ही वाचता ना."

मी वाचते ते पेपर, तोही शिळा. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. एक आठवडा चहा, एक आठवडा माते, आणि पोरीचा टाइम लिहायचा. चहाचा आठवडा नेहमीसारखाच गेला. मातेच्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी पोरगी खरंच वेगानं पळाली. भाऊ मैदानावरून रस्त्यानं ओरडतच आले. त्या दिवशी टपरीवर आलेल्या प्रत्येकाला चहा फुकट, आणि चहा पिता पिता ऐकायचं काय, तर चहा कसा वाईट.

निकाल लागला होता. घरात चहा बंद. जगाला चहा पाजणाऱ्याच्या घरात चहाची पत्ती शिल्लक नाही, आणि त्यांनी स्वतःही सोडला. प्रेमावहिनींचं डोकं दुपारपर्यंत फुटायला यायचं. मग त्या ब्लाउजचं माप द्यायचं निमित्त काढून माझ्याकडे यायच्या आणि मी माझ्या छोट्या शेगडीवर गुपचूप चहा टाकायचे. पत्र्यापलीकडे नवऱ्याची किटली रटरटतेय आणि इकडे बायको चोरून घोट घेतेय. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. आता आठवलं तर हसू येत नाही.

कारण त्या नादात पोरीकडे कुणी नीट पाहिलंच नाही. मीसुद्धा. भाऊ रोज पहाटे मैदानाच्या कडेला उभे, डाव्या हातावर लाल गोळी, उजव्या हातात तो भोपळा. बरोबर भाकर आणि वालाची उसळ. तिनं सगळं संपवलं की ते भांडं बघायचे, तळाला पाणी राहिलं नाही ना. पुडा संपला तर शेखर नवा आणून द्यायचे आणि भाऊ त्यांच्याकडे आपल्या शेतातले तांदूळ पोचवायचे. मला ते पाहून कौतुकच वाटायचं. बाप असावा तर असा, असं मी दोनचार बायकांना बोललेही.

पौषात म्हशाच्या जत्रेच्या सुमारास ती मैदानावर पडली. शेवटच्या वळणावर पाय लटपटले आणि खाली बसली, मग आडवीच झाली. ओठ पांढरे. भाऊंनी तिला उचलून रस्त्यापर्यंत आणली. मी नुकतंच दुकान उघडत होते, तशीच कुलूप टाकून निघाले. मिळाली ती जीप पकडून आम्ही मुरबाडला गेलो. वाटभर भाऊंचा गुडघा हलत होता.

डॉक्टर वयानं लहान, बोलायला शांत. रक्त तपासलं. आधीपेक्षा खाली गेलं होतं. पाळीचं विचारलं, जंताचं विचारलं, जेवणाचं विचारलं. भूमिका खाली मान घालून उत्तरं देत होती. मग डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेते ना? नियमित?"

"एक दिवस चुकली नाय," भाऊ म्हणाले. "मी सोताच्या हातानं देतो."

"कशाबरोबर?"

आणि माझा हा भला माणूस छाती काढून म्हणाला, "आधी चहाबरोबर देत व्हतो, डॉक्टर. पण चहा आता घरातून बंद केला. आता चांगली पत्ती देतो, फॉरेनची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं, अगदी हळू. चहा असो की ही पत्ती, काही गुण दोन्हीत आहेत आणि त्यांच्याविषयी दोन्हीकडून भरपूर बोललंही जातं. तरतरी येते ती दोन्हीतल्या एकाच गोष्टीनं, कॅफिननं. अति कढत प्यायलं तर दोन्ही अन्ननळीला वाईट. आणि दोन्हीत एक तुरट अंश असतो, तो गोळीतलं लोह पकडून ठेवतो, नाचणीतलंही, वालातलंही. अंगाला लागू देत नाही. "जेवणाच्या आणि गोळीच्या वेळी दोन्ही नको. पाण्याबरोबर द्या, लिंबू पिळा. चहा प्यायचाच तर तास-दोन तास सोडून."

"पण ती फास्ट पळाली," भाऊ म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"कॅफिनवर पळाली. उसनी तरतरी होती ती. झोप येते का गं तुला?"

भूमिकानं नाही म्हणून मान हलवली. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"आता काही दिवस पळणं बंद," डॉक्टर म्हणाले. "रक्त वर आलं की बघू."

परत येताना भाऊ एसटीत दाराशी उभे राहिले. जागा होती, बसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी भोपळा, नळी, पुडा सगळं शेखरच्या दारात ठेवलं आणि परत आले. शेखर बिचारे दुसऱ्या दिवशी विचारायला आले तर भाऊ म्हणाले, "तुमची चूक नाय, साहेब." आणि त्यांना चहा दिला. शेखरनं मुकाट्यानं घेतला.

त्या आठवड्यात भरतीच्या ग्राऊंडची तारीख आली. आठच दिवसांवर. भाऊ तिच्याकडे बघायचे, मग दुसरीकडे. कधी म्हणायचे, "थोडं थोडं पळून बघशील का? पाण्याबरोबर गोळी चालू झालीय आता." कधी म्हणायचे, "नको, राहू दे." पुन्हा तासाभरानं, "नुसतं चालून आलीस तरी..." ट्रकवाले विचारायचे, "काय, ग्राऊंड कधी?" आणि हे पुसलेली बशी परत पुसायला घ्यायचे. मला त्यांची दया येत होती आणि त्यांना धरून हलवावंसंही वाटत होतं.

एका दुपारी भूमिका ट्रॅकपँटचं इलॅस्टिक घट्ट करायला माझ्याकडे आली. मी माप घेता घेता जे मनात डाचत होतं ते विचारलं. "काय गं, नर्सबाईंनी गोळ्या देताना सांगितलं नव्हतं? चहाबरोबर घेऊ नको म्हणून?"

"सांगितलं व्हतं, मावशी. पाण्याबरोबर घ्यायची, चहा लांब ठेवायचा."

माझं डोकंच फिरलं. "अगो मग? इतके दिवस? तोंड नव्हतं तुला?"

"बाबा कप घेऊन उभे असायचे," ती म्हणाली. "मी पळून यायची तर त्यांचं तोंड तुमी बघितलं नाय. माझ्या आधी ते धापा टाकत असायचे. गोळी हातावर धरलेली. मी नको बोलले असते तर त्या कपाचं त्यांनी काय केलं असतं?"

"बोलून बघायचंस तरी."

"एकदा बोलले. बोलले, बाबा, मला हे नको. तर ते बोलले, कडू लागतं का? थांब, उद्या मध घालतो." तिनं इलॅस्टिकचं टोक बोटाला गुंडाळलं. "दुसऱ्या दिवशी मध घालून आणलं. मी प्यायले. त्यांनी चहा बघितला, माते बघितली, कशात काय ते सगळ्या जगाला विचारलं. मला काय होतंय ते नाय विचारलं, मावशी. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पलीकडचा चमचा थांबलाय. किटलीचाही आवाज नव्हता. मी पत्र्याकडे बोट करून खुणेनं सांगितलं, हळू बोल.

"ऐकू दे," भूमिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तेवढाच राहिला.

त्या संध्याकाळी टपरी लवकर बंद झाली. माझ्या मशीनवर कप आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मला तो हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान झाडत होते. भूमिका मैदानाकडून आली, पळून नव्हे, चालून. भाऊ टपरीच्या बाहेर उभे होते. तिला बघून हात सवयीनं किटलीकडे गेला आणि मधेच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला, पंच्याला पुसला, परत पुसला. हाताचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"काय पिशील?" त्यांनी विचारलं.

भूमिका थबकली. मीही झाडू हातात धरून थबकले. हे दोन शब्द मी त्या टपरीवर कधी ऐकले नव्हते.

"काय नको, बाबा."

"बरं."

बाकावर दोन माणसं चहासाठी खोळंबली होती. भाऊंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांना अजून एक विचारायचं होतं आणि ते विचारायची भीती वाटत होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"आणि ग्राऊंडला?"

"यंदा नाय जायची," ती म्हणाली. "मला दम लागतो. चालताना पण लागतो. रात्री छाती धडधडते, मग भीती वाटते."

भाऊ मान हलवत राहिले. मध घालतो म्हणाले नाहीत. उद्या बरं वाटेल म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "अजून काय होतं?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाकाच्या टोकाशी बसली आणि सांगायला लागली, आणि सुदामभाऊ हात रिकामे ठेवून तिच्यासमोर उभे राहून ऐकत राहिले.